बसून पाहिल्याशिवाय कपडा पारखू नये

रोजच्या कामाच्या दिवसांतील पेहरावाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी दिवसाचे आठ तास खुर्चीत बसून काम करते. सकाळी अगदी नीट बसणारी पॅन्ट दुपारनंतर कमरेला काचू लागते आणि टाइप करताना शर्ट पाठीत ओढला जातो. एक माप मोठे घेतले तर खांदे उतरतात आणि सगळेच गबाळे दिसते. वजन वाढलेले नाही. मग चुकते कुठे?

उत्तर : दोष तुमच्या शरीराचा नाही आणि बहुधा मापाचाही नाही, कपडा पारखण्याची आपली पद्धतच अपुरी आहे. आपण आरशापुढे ताठ उभे राहून, पोट किंचित आत घेऊन, हात खाली सोडून कपडा पाहतो आणि नंतर तोच कपडा दिवसभर बसून, पुढे वाकून, हात समोर धरून वापरतो. बसल्यावर पोट आणि नितंब पसरतात, कमरेचा घेर काही सेंटिमीटरने वाढतो, पॅन्ट मागून खाली ओढली जाते आणि तिचा पुढचा पट्टा पोटात रुततो. जेवणानंतर पोटाला आणखी थोडी जागा लागते, म्हणून हा त्रास नेमका दुपारी जाणवतो.

यावर सरसकट मोठे माप घेणे हा उपाय नव्हे, कारण अशा वेळी पुष्कळदा घेर पुरेसा असतो आणि आसन आखूड असते, म्हणजे मागच्या कमरेपासून पायांमधल्या शिवणीपर्यंतची लांबी कमी पडते. खुर्चीत बसून हात मागे नेऊन पाहा. पट्टा पाठीपासून सुटून खाली सरकला असेल, तर तुम्हाला मागून उंच असलेली पॅन्ट हवी. पट्टा जागेवर आहे, पण दोन बोटे आत जात नाहीत, असे असेल तर मात्र घेर कमी आहे. अशा पॅन्टच्या मागच्या मधल्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड, ठेवलेली असेल तर शिंपी ती उसवून थोडी सैल करून देऊ शकतो. नसेल तर पट्ट्याच्या फक्त मागच्या भागात इलॅस्टिक घालून घ्यावे. समोरून पॅन्ट पूर्वीसारखीच नेटकी दिसते.

शर्टाची गोष्ट अधिक लक्षात ठेवण्यासारखी आहे. हात पुढे केले की पाठ रुंदावते. म्हणूनच चांगल्या शर्टाच्या पाठीवर, खांद्याच्या पट्टीखाली, एक किंवा दोन चुण्या घातलेल्या असतात. त्या केवळ शोभेसाठी नसतात. दुसरा मुद्दा मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे जोडलेली असते त्या गोलाईचा. मुंढा जितका खोल तितकी हालचाल मोकळी, असा सार्वत्रिक समज आहे, पण प्रत्यक्षात उलटेच घडते. मुंढा काखेपासून फार खाली असेल तर हात उचलताना बाही एकटी उचलली जात नाही, ती अख्खा शर्ट सोबत घेऊन वर येते. मुंढा काखेच्या जवळ असेल आणि बाहीला वरच्या भागात पुरेशी रुंदी असेल, तर हात हलतो आणि शर्ट जागेवर राहतो. उंच फळीवरची वस्तू काढत असल्यासारखा एक हात वर करा आणि शर्टाच्या खालच्या काठाकडे पाहा. तो वीतभर वर आला, तर तो शर्ट कितीही सुंदर असला तरी तुमच्या कामाचा नाही.

प्रश्न : अंगाला सुतीच कपडा चांगला, असे लहानपणापासून ऐकत आलो. पण मी सायकलने कामावर जातो आणि पोहोचेपर्यंत सुती शर्ट चिंब होतो, तो दुपारपर्यंत वाळत नाही. पॉलिएस्टरचा लवकर वाळतो, पण त्याला वास येतो आणि धुऊनही तो पुरता जात नाही. काय घालावे?

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे आणि त्याचे कारण धाग्याच्या स्वभावात आहे. 20 अंश सेल्सिअस तापमान आणि 65 टक्के आर्द्रता अशा प्रमाणित हवेत सूत आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा शोषून ठेवते, लिनन सुमारे 12 टक्के आणि लोकर त्याहूनही अधिक, सुमारे 16 टक्के. पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्कासुद्धा ठेवत नाही. याचा अर्थ असा की बैठ्या कामात येणारा थोडासा घाम सुती कापड आपल्या पोटात घेते आणि त्वचा कोरडी राहते. पण घाम भरपूर आला की धागे पाण्याने भरून जातात, ते पाणी हळूहळूच उडते आणि ओला कपडा अंगाला चिकटून राहतो. पॉलिएस्टरच्या धाग्यात पाणी शिरतच नाही, ते पृष्ठभागावर पसरून उडून जाते. परंतु शरीरातून येणारा तेलकट अंश मात्र या धाग्याला घट्ट धरून राहतो, आणि वासाचे मूळ तिथे असते.

एकाच कपड्याकडून दोन वेगळी कामे करून घेण्याचा हट्ट सोडावा, असे मला मनापासून वाटते. सायकलवर लवकर वाळणारा बनियन किंवा टी-शर्ट घाला, सुती शर्ट घडी करून पिशवीत न्या, पोहोचल्यावर अंग पुसून पाच-दहा मिनिटे थांबा आणि मगच तो चढवा. ही पाच-दहा मिनिटे महत्त्वाची आहेत, कारण सायकल थांबली तरी घाम लगेच थांबत नाही. सायकलीवरचा कपडा पिशवीत कोंबून ठेवू नका, जिथे वारा लागेल तिथे टांगा आणि घरी आल्यावर त्याच दिवशी धुवा.

शर्ट निवडताना धाग्याइतकेच लक्ष विणीकडेही द्या. कापड एकपदरी धरून उजेडासमोर न्या. विणीतून उजेडाचे बारीक ठिपके दिसले, तर हवा खेळेल. दाट विणीचा, जाडसर सुती शर्ट पातळ, मोकळ्या विणीच्या मिश्र कापडापेक्षा अधिक उकडवू शकतो. लिनन घ्याल तर त्याच्या सुरकुत्यांसह घ्या. तो धागा मुळात ताठ असतो, दुमडला की सहज पूर्ववत होत नाही, आणि त्यासाठी रोज इस्त्रीशी झगडण्यात अर्थ नाही. व्हिस्कोस मऊ आणि थंड वाटते, मात्र ओले असताना ते बरेच कमजोर होते, म्हणून ते पिळू नये. आणि नवे सुती कापड शिवायला देण्यापूर्वी पाण्यातून काढून घ्यावे, कारण विणताना ताणलेले धागे पहिल्या धुण्यात सैल होतात आणि कापड आटते.

प्रश्न : कपाट भरलेले आहे, तरी रोज सकाळी काय घालावे यात वेळ जातो. कपडे कमी करायचे ठरवले, पण कोणते काढावेत ते कळत नाही.

उत्तर : सकाळच्या घाईत ठरवू नका. संध्याकाळी घरी आल्याबरोबर जो कपडा अंगावरून कधी एकदा काढते असे होते, तो त्याच वेळी वेगळ्या खुंटीला लावा, आणि ज्यात तुम्ही रात्रीपर्यंत सहज वावरलात, तो नेहमीच्या जागी ठेवा. तीन-चार आठवड्यांत निवड आपोआप होते. वेगळ्या खुंटीवरचे सगळे देऊन टाकू नका. एखाद्याचा केवळ मानेला टोचणारा लेबलचा तुकडा उसवायचा असतो.

प्रश्न : माझे वडील 76 वर्षांचे आहेत. बोटांच्या सांध्यांच्या दुखण्यामुळे त्यांना शर्टाची बटणे लावता येत नाहीत. टी-शर्ट त्यांना नको असतो. रोज सकाळी शर्ट घालूनच ते वर्तमानपत्र वाचायला बसतात. आईने बटणे लावून दिलेलीही त्यांना आवडत नाहीत. काय करता येईल?

उत्तर : त्यांचा आग्रह अगदी योग्य आहे आणि तो राखूनच मार्ग काढायला हवा. शर्टाची बटणे काढून ती वरच्या पट्टीवर, काजांच्या वरच, पक्की शिवून टाका. खाली जिथे बटणे होती तिथे आणि वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूस वेल्क्रोचे लहान चौकोनी तुकडे शिवा. सलग पट्टी लावू नका, तिने शर्टाचा पुढचा भाग ताठ होतो आणि बसल्यावर फुगतो. आता पट्टी नुसती दाबली की शर्ट बंद होतो आणि पाहणाऱ्याला बटणे लावलेलीच दिसतात. मनगटावरचे बटण इलॅस्टिकच्या दोऱ्याने शिवा, म्हणजे ते न काढता हात बाहीतून जाईल. धुण्याआधी वेल्क्रो बंद करायला विसरू नका, नाहीतर तो इतर कपड्यांचे धागे ओढून काढतो.

एखादा खांदाही आखडलेला असेल, तर घालताना दुखरा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. एवढ्या क्रमानेही वेदना बरीच कमी होते. हे सगळे आधी एका जुन्या शर्टावर करा, त्यांना विचारून करा, आणि पहिल्यांदा तो शर्ट ते घालत असताना खोलीत कोणी थांबू नका.