कामाच्या ठिकाणी एकटाच ख्रिस्ती असेल, तर येशूवरच्या आपल्या विश्वासाची साक्ष कशी द्यावी?

तुम्ही विचारलंय की प्रार्थना उघड करावी का, गळ्यात क्रूस दिसू द्यावा का. क्रूस घाला, जेवणाआधी दोन क्षण डोळे मिटा, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. पण लोक बघतात ते वेगळंच.

माझं खानापुरात किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं कन्नड. आपल्या सीमाभागात भाषेवरून मनं किती लवकर तापतात, हे तुम्हाला सांगायला नको. एक कन्नड आजी यायच्या. हिशेब कळला नाही की गोंधळायच्या. मी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये एकेक वस्तूचा भाव परत सांगायचो, मागे रांग लागली तरी. पुढे त्यांच्या सुनेनं विचारलं, "तुम्ही चर्चला जाता ना?" मी कधीच सांगितलं नव्हतं.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, ५:१६ मध्ये, येशू सांगतो की तुमची सत्कर्मं लोकांना दिसू द्या, म्हणजे ते स्वर्गातल्या पित्याचं गौरव करतील. आणि ६:१ मध्ये तोच बजावतो, लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका. मला हा विरोध वाटत नाही. फरक एवढाच, की कौतुक कोणाचं व्हावं असं आपल्याला वाटतं.

आणि चुकलात तर सगळ्यांसमोर माफी मागा. सहकाऱ्यावर ओरडून नंतर "माझं चुकलं" म्हणणारा माणूस लोकांच्या फार लक्षात राहतो. कुणी स्वतःहून विचारलं, तर मात्र येशूचं नाव घ्यायला कचरू नका.