‘मोठा डॉक्टर’ कधी शोधायचा आणि कधी नाही

अँजिओप्लास्टीबद्दल, म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तनळी तार-फुग्याने उघडून तिथे बहुधा स्टेंट (जाळीची बारीक नळी) बसवण्याबद्दल, पुन्हा तेच प्रश्न आले आहेत, म्हणून पुन्हा उत्तरं. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत. हे वाचून तपासणी झाली असं कुणी समजू नये.

प्रश्न : ज्यांनी जास्त अँजिओप्लास्टी केल्या त्या डॉक्टरांकडे धोका कमी असतो का? बाबांना पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. (आर्वी)

असतो, पण पारावर सांगतात तेवढा नाही. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१३ मध्ये डॉक्टरमागे वर्षाला सरासरी किमान ५० आणि रुग्णालयामागे २०० असा निकष ठेवला. २०१७ मध्ये तिथल्याच नोंदी तपासल्या, तेव्हा ५० पेक्षा कमी करणाऱ्यांच्या रुग्णांत रुग्णालयातले मृत्यू जास्त निघाले, पण थोडेच. साध्या ब्लॉकला फार फरक पडत नाही. रिपोर्टात ‘लेफ्ट मेन’ (हृदयाची डावी मुख्य नळी) लिहिलं असेल, ब्लॉक नळीच्या फाट्यावर असेल, कॅल्शियमने कडक झाला असेल किंवा नळी कित्येक महिने पूर्ण बंद असेल, तर मात्र बसलेलाच हात हवा.

तुमच्याकडे वेळ आहे, तर विचारा. अशा केसेस वर्षाला किती करता? नळीच्या आतून पाहायची सोय आहे का? रात्री दोनला काही झालं तर कोण येतं? बायपासचा सर्जन किती लांब आहे? डॉक्टरांना राग आला तर फाइल घ्या आणि दुसरं मत घ्या.

प्रश्न : अँजिओप्लास्टीची तार हातातून घालावी की मांडीतून? (वरूड)

जमत असेल तर हातातून, रक्तस्राव कमी होतो. पण डॉक्टरांना त्याची सवय असेल तरच, म्हणून निर्णय त्यांचा.

प्रश्न : अर्जुनाच्या सालीचा काढा घेतल्यावर ब्लॉक विरघळतो म्हणतात. गोळ्या बंद केल्या तर चालेल का? (तिवसा)

विरघळत नाही. बंद केल्या असतील तर आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : कापूस वेचताना काकांच्या छातीत दुखलं. गॅस म्हणून सोडा पाजला. संध्याकाळी ग्रामीण रुग्णालयात ईसीजीत अटॅक निघाला. तिथले डॉक्टर गुठळीचं इंजेक्शन द्यायला तयार होते, पण आम्ही सही करून नागपूरच्या नामांकित डॉक्टरांकडे नेलं. पोचायला रात्रीचा दीड वाजला. आता पंपिंग (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद) ३० टक्के आहे म्हणतात. आमचं चुकलं का? (झरी जामणी)

चुकलं. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट लिहितो, कारण दर हंगामात हीच गोष्ट वेगळ्या तालुक्यातून येते.

अटॅकमध्ये नळीत गुठळी अडकते आणि पुढचा स्नायू मरायला लागतो. पहिल्या दोन-तीन तासांत नळी उघडली तर सर्वाधिक वाचतो, बारा तासांनंतर फायदा फार कमी उरतो. मेलेला स्नायू नागपूरचा काय, मुंबईचाही डॉक्टर जिवंत करत नाही. वर आर्वीच्या वाचकाला जे प्रश्न विचारायला सांगितले, ते इथे एकही विचारायचे नाहीत.

निदान झाल्यापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होत असेल तर थेट तिथे. नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात, तेही अर्ध्या तासाच्या आत. मेळघाटातून अमरावतीला उतरायलाच तीन-चार तास जातात, तिथे इंजेक्शनशिवाय दुसरा हिशेब बसतच नाही. इंजेक्शननंतर रुग्णाला मोठ्या ठिकाणी हलवायचंच आहे. नळी उघडली असेल तर साधारण ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी (नळ्यांत औषध सोडून एक्स-रेवर ब्लॉक पाहणं) होते, न उघडल्यास लगेच. म्हणजे नामांकित डॉक्टर हातचे जात नाहीत. नुकताच लकवा झाला असेल किंवा कुठे रक्तस्राव असेल तर इंजेक्शन देता येत नाही. ते तिथला डॉक्टर ठरवेल, सोबत आलेला भाचा नव्हे.

आणि गॅस! चाळिशीपुढच्या, त्यातही दिवसभर खर्रा (तंबाखू-सुपारी) चघळणाऱ्या माणसाला छातीत दाब आणि घाम आला, की सोडा नाही, १०८ लावा. खासगी गाडीवाला ‘माझ्या ओळखीच्या हॉस्पिटलात नेतो’ म्हणाला तर ती ओळख कशाची आहे हे समजून घ्या.

काकांबद्दल: काही आठवड्यांनी पुन्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. पंपिंग औषधांवर थोडं सुधारू शकतं. गोळ्यांचं हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील.

प्रश्न : गावातल्या मोफत शिबिरात ईसीजी काढून आईला ७० टक्के ब्लॉक सांगितला. सरकारी योजनेत स्टेंट फुकट होईल, उद्या गाडी येते म्हणतात. पाठवू का? (चिमूर)

उद्याच्या गाडीत नको. ईसीजीत ब्लॉकचा टक्का दिसत नाही. तो अँजिओग्राफीत दिसतो. मग हा ७० आला कुठून? योजनेमुळे पैसे वाचतात, पण म्हणून स्टेंट गरजेचा ठरत नाही. लेफ्ट मेनचे रुग्ण वगळून केलेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. दुखणं स्थिर आणि औषधं नीट चालू असतील, तर आधीच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं. आईला काही त्रास नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी, सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला दाखवा. बसल्याबसल्या दुखत असेल तर शिबिर सोडा, आजच न्या.

प्रश्न : दाढ काढायची आहे, स्टेंटची (रक्त गोठू न देणारी) गोळी चार दिवस बंद ठेवू का? (उमरेड)

स्वतःहून एक दिवसही नाही. स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाढही काढू नका.

प्रश्न : जुना ईसीजी पुसट होतोय, लॅमिनेट करू का? (पुसद)

नको. तो कागद उष्णतेने काळा पडतो. लॅमिनेशनच्या मशीनमधून काळी पट्टी बाहेर येते आणि तुलनेचा एकमेव पुरावा जातो. झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो ठेवा. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचं स्टिकर असतं, २.७५ × २८ असं काहीतरी लिहिलेलं. ते पन्नीत घालून फाइलीत ठेवा आणि पुढच्या डॉक्टरांना सगळ्यात आधी दाखवा.