वाचकांचे प्रश्न : तंत्रज्ञान कंपन्यांत पैसा घालताना

कोल्हापुरात हाती शिल्लक राहिलेला पैसा पूर्वी गुजरीत सोन्याकडे, पतसंस्थेत ठेवीकडे किंवा गावाकडच्या रानाकडे जात असे. अलीकडे या सदराकडे येणारी पत्रे पाहिली, तर तो पैसा आता नव्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरकडे पाहू लागला आहे असे दिसते. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तर देत आहे.

प्रश्न : मी गेल्या वर्षी शिक्षक म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीच्या रकमेतील १५ लाख रुपये बँकेत ठेव म्हणून आहेत. पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणारा मुलगा म्हणतो की, नव्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या आयपीओला (पहिल्या जाहीर शेअरविक्रीला) अर्ज करावा. ग्रे मार्केटमध्ये, म्हणजे शेअर बाजारात येण्याआधीच्या अनधिकृत सौद्यांत, भाव दीडपट चालतो. कंपनी चांगली आहे हे ओळखून अर्ज कसा करावा? (निवृत्त शिक्षक, राजारामपुरी)

उत्तर : सर, आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. कंपनी चांगली आहे का, हा एक, आणि आज मागितलेल्या भावाला तिचा शेअर घ्यावा का, हा दुसरा. टाटा टेक्नॉलॉजीज ही नफ्यात चालणारी, नावाजलेली कंपनी. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिचा शेअर ५०० रुपयांना देण्यात आला, १,२०० रुपयांना बाजारात उघडला आणि पहिल्याच दिवशी १,३०० च्या पुढे बंद झाला. ज्यांना अर्जावर शेअर मिळाले त्यांचे भले झाले, पण त्या दिवशीची तेजी पाहून बाजारातून १,३०० ला घेणारे २०२५ मध्ये ७०० च्या आसपासचा भाव पाहत होते. कंपनी तीच होती आणि तिचे कामही चालूच होते.

ग्रे मार्केटच्या भावावर तर मुळीच विसंबू नये. तो कोणत्याही शेअर बाजारात नोंदला जात नाही, शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या देखरेखीखाली येत नाही आणि तो चुकला तर दाद मागायला जागा नाही. आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभा राहणारा व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग आणि कणी स्वतः पाहतो. शेजारचा काय बोलतो एवढ्यावर तो बोली करत नाही. शेअरच्या बाबतीत रवा पाहणे म्हणजे कंपनीचे माहितीपत्रक वाचणे. ते शेकडो पानांचे असले तरी आपल्याला त्यातल्या थोड्याच जागा पाहायच्या आहेत.

पहिली जागा म्हणजे पैसा कोणाकडे जातो. आयपीओत कंपनी नवे शेअर काढते तेव्हा पैसा धंद्यात येतो. जुने भागधारक आपले शेअर विकतात तेव्हा तो त्यांच्या खिशात जातो. जुलै २०२१ मध्ये झोमॅटोने ९,३७५ कोटी रुपये उभारले, त्यांपैकी ९,००० कोटी नव्या शेअरचे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेटीएमने १८,३०० कोटी उभारले, त्यांपैकी १०,००० कोटी जुन्या भागधारकांनी काढून घेतले. जुन्यांनी विकणे हा काही गुन्हा नाही, टाटा टेक्नॉलॉजीजची तर सगळीच विक्री जुन्यांची होती. पण धंदा आतून ओळखणारा माणूस या भावाला बाहेर पडतो आहे, तर त्याच भावाला आपण आत का जातो आहोत, याचे उत्तर अर्जापूर्वी आपल्याजवळ असावे.

दुसरी जागा लहान आहे, पण माझ्या मते सर्वांत उपयोगी. सामान्य गुंतवणूकदारांसाठी किती टक्के राखीव आहेत ते पाहावे. सेबीच्या नियमांत नफ्याची अट पुरी करणाऱ्या कंपनीला साधारणतः ३५ टक्के शेअर आपल्यासारख्यांना द्यावे लागतात. ज्या कंपन्यांना ती अट पुरी करता येत नाही त्यांनी किमान ७५ टक्के शेअर मोठ्या संस्थांना द्यायचे असतात आणि आपला वाटा १० टक्क्यांवर येतो. म्हणजे १० चा आकडा दिसला की समजावे, नियामकाने स्वतःच सांगितले आहे की हा माल पारखायला जाणकार लागतो. झोमॅटो आणि पेटीएम दोन्ही याच वाटेने आल्या.

पुढे काय झाले तेही पाहा. पेटीएमचा २,१५० रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी २७ टक्के खाली बंद झाला आणि मे २०२४ मध्ये ३५० च्याही खाली गेला. झोमॅटोचा ७६ चा शेअर आधी वर चढला, मग जुलै २०२२ मध्ये जुन्या भागधारकांवरील विक्रीबंदीची मुदत संपताच ५० च्या खाली आला आणि २०२४ मध्ये २५० च्या वर गेला. ज्याने पहिले वर्ष वाट पाहिली, त्याला मूळ अर्जदारापेक्षाही स्वस्तात घेता आला. आता ही बंदी बहुतेक जुन्या भागधारकांसाठी सहा महिन्यांची आहे. म्हणून घाई न करता सहा महिने आणि दोन तिमाही निकाल पाहून मग ठरवावे, असे मी सुचवीन. तरीही अर्ज करायचाच असेल, तर या १५ लाखांपैकी जी रक्कम निम्मी झाली तरी घरखर्चाला हात लावावा लागणार नाही, तेवढीच वापरावी. चिरंजीवांची हौस त्यांच्या पगारातून भागावी, आपल्या निवृत्तीच्या पैशातून नव्हे.

प्रश्न : आमच्या महिलांच्या भिशीला एका व्हॉट्सॲप गटातून कृत्रिम बुद्धिमत्तेने आपोआप ट्रेडिंग करणारे ॲप दाखवले आहे. दरमहा ४ टक्के हमखास सांगतात. दोन महिने पैसे आलेही. आता भिशीची सगळी रक्कम घालावी का? (गृहिणी, कसबा बावडा)

उत्तर : ताई, घालू नका, आणि जे घातले आहे ते आजच मागा. महिन्याला ४ टक्के चक्रवाढीने वर्षाला ६० टक्के होतात, आणि एवढे हमखास मिळवणाऱ्याला तुमच्या भिशीची गरज पडत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार त्याआधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये (पुढच्या भावावरच्या सौद्यांत) उतरलेल्या १०० पैकी ९३ व्यक्तींना तोटा झाला आणि तो सर्व मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. शेअर बाजारातील परताव्याची हमी देणे सेबीच्या नोंदणीकृत सल्लागारालाही मना आहे. पहिले दोन महिने आलेला पैसा बहुधा तुमच्यामागून आलेल्या बायकांचा असतो. पैसे परत द्यायला टाळाटाळ झाली, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणे अवघड होते. आणि भिशीतल्या इतर मैत्रिणींना संकोच न करता सांगा, कारण असे गट ओळखीच्या विश्वासावरच वाढतात.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची वडिलांच्या काळापासूनची फाउंड्री आहे. हाती ३० लाख रुपये आहेत. जुने गिऱ्हाईक कास्टिंग मशीनिंग करून मागते, त्यासाठी व्हीएमसी (संगणकावर चालणारे मशीनिंगचे यंत्र) घेता येईल. पण मित्र म्हणतात, यंत्रात पैसा अडकवण्यापेक्षा अमेरिकेतील एन्व्हिडियाचा शेअर घे, जग कृत्रिम बुद्धिमत्तेकडे चालले आहे. काय करावे? (लघुउद्योजक, कोल्हापूर)

उत्तर : एन्व्हिडिया ही कृत्रिम बुद्धिमत्तेला लागणाऱ्या संगणक चिपा विकणारी कंपनी. तिची बाजू आधी नीट मांडतो. जानेवारी २०२३ ला संपलेल्या आर्थिक वर्षात तिची विक्री सुमारे २७ अब्ज डॉलर होती. दोनच वर्षांनी, जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात, ती १३० अब्जांवर गेली. २००० साली बुडालेल्या कित्येक डॉटकॉम कंपन्यांकडे सांगण्यासारखी विक्रीही नव्हती. इथे माल जातो आहे आणि नफाही होतो आहे, म्हणून याला निव्वळ फुगा म्हणून झटकून टाकणे मला पटत नाही.

पण आपण फाउंड्रीवाले आहात, तेव्हा गिऱ्हाइके किती आणि ती माल कशासाठी घेतात, हा प्रश्न आपल्याला माझ्याआधी सुचायला हवा. मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट आणि मेटा या चौघांचा २०२५ या एका वर्षातला भांडवली खर्च मिळून ३०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला आणि त्यातला मोठा भाग अशा चिपांनी भरलेल्या डेटा सेंटरवर होतो. ही गिऱ्हाइके चिप रोजच्या विक्रीसाठी घेत नाहीत, क्षमता वाढवण्यासाठी घेतात. वाहन कंपनी नवी लाइन टाकते तेव्हा शिरोलीपासून कागलपर्यंत सगळ्यांच्या भट्ट्या पेटतात, आणि ती थांबली की तिच्या विक्रीत घट दिसण्याआधी आपले शेड्यूल कापले जाते. २०१९ च्या मंदीत हे आपण पाहिले आहे. चिपांच्या धंद्यालाही हाच नियम लागू आहे. २७ जानेवारी २०२५ रोजी चीनच्या डीपसीकने कमी खर्चात चांगले मॉडेल केल्याची बातमी पसरली, तेव्हा एन्व्हिडियाचा शेअर एका दिवसात १७ टक्के पडला. तेवढ्यात तिच्या चिपा करणारा एकही कारखाना बंद झालेला नव्हता. गिऱ्हाईक इतका माल घेत राहील का, एवढी शंका पुरेशी झाली.

इतिहासात याच्या सर्वांत जवळचे उदाहरण सिस्कोचे आहे. इंटरनेटच्या जाळ्याची यंत्रे करणारी ही कंपनी मार्च २००० मध्ये जगातील सर्वांत मोठ्या बाजारमूल्याची ठरली, तेव्हा तिचा शेअर ८० डॉलरच्या आसपास होता. इंटरनेट जग बदलणार हा अंदाज शंभर टक्के खरा ठरला. सिस्कोची विक्रीही २००० मधील सुमारे १९ अब्ज डॉलरवरून २०१० मध्ये ४० अब्जांवर गेली. तरीही त्या २०१० च्या उन्हाळ्यात शेअर २५ डॉलरच्या खाली होता, आणि मार्च २००० चा भाव पुन्हा दिसायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. अंदाज बरोबर, कंपनी बरोबर आणि भाव चूक, असे घडू शकते. आपले मित्र त्यातील पहिल्या दोन गोष्टींविषयीच बोलत आहेत.

आता व्यवहाराच्या गोष्टी, ज्या ॲपवर कोणी ठळकपणे सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. आपल्या ३० लाखांवर तो ४ लाख होईल आणि आयकर विवरणात वळता होईपर्यंत अडकून राहील. परदेशी शेअर प्रत्येक वर्षी विवरणात दाखवावे लागतात, मग ते विकलेले नसले तरीही. आणि सर्वांत दुर्लक्षित बाब अशी की, अमेरिकी शेअर ६० हजार डॉलरच्या पुढे गेले असताना धारकाचा मृत्यू झाला, तर वारसांना तिथला ४० टक्क्यांपर्यंत वारसा कर लागू शकतो.

माझे मत स्पष्ट आहे. गिऱ्हाईक जुने असेल आणि मशीनिंगची मागणी लेखी देत असेल, तर व्हीएमसी घ्यावे. कच्च्या कास्टिंगवर किलोमागे मिळणारा पैसा आणि मशीनिंग करून दिलेल्या सुट्या भागावर मिळणारा पैसा यांतला फरक आपल्याला ठाऊक आहे, आणि त्या यंत्राचा ताबा आपल्याकडे असतो, कॅलिफोर्नियातील संचालक मंडळाकडे नसतो. मात्र एक चौकशी आधी करावी : तो भाग कशाचा आहे? विजेवरच्या मोटारीला सिलिंडर ब्लॉक आणि सिलिंडर हेड लागत नाही. ब्रेक, पंप, व्हॉल्व्ह किंवा ट्रॅक्टरचा भाग असेल तर चिंता कमी. इंजिनाचाच असेल तर पुढच्या सहा-सात वर्षांचे शेड्यूल काय, हे गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाला समोर बसून विचारावे. तंत्रज्ञानातील गुंतवणुकीचा वारा शिरोलीला लागतो तो या बाजूने. परदेशी शेअरची इच्छा राहिलीच, तर यंत्राचे हप्ते सुरळीत झाल्यावर नफ्यातून थोडीथोडी रक्कम घालावी, आणि तीही एका कंपनीत न घालता निर्देशांक फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत पैसा विभागणाऱ्या फंडात.

प्रश्न : मी कोल्हापुरातून यंदा अभियांत्रिकी पूर्ण केली. मोठ्या आयटी कंपनीत साडेसात लाखांची नोकरी मिळते आहे. पुण्यातील एक स्टार्टअप सहा लाख पगार आणि आठ लाखांचे ईसॉप (कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क) देते. कंपनीचे मूल्यांकन ५०० कोटी आहे असे सांगितले. कोणते घ्यावे? (विद्यार्थिनी, कळंबा)

उत्तर : मोठी कंपनी म्हणजे कायमची नोकरी, असे मी तुला सांगणार नाही, टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. पण त्या ५०० कोटींचा अर्थ समजून घे. गुंतवणूकदाराने १० टक्के हिश्शासाठी ५० कोटी दिले, की गुणाकार करून मूल्यांकन ५०० कोटी लिहिले जाते. कोणीही पूर्ण कंपनी ५०० कोटींना घेतलेली नसते. शिवाय त्याचे शेअर बहुधा प्राधान्याचे असतात, म्हणजे कंपनी विकली गेली तर त्याचे पैसे आधी परत. उद्या ती ६० कोटींना विकली गेली, तर ५० कोटी तो घेतो आणि उरलेल्या १० कोटींत संस्थापक आणि तुझ्यासारखे कर्मचारी येतात. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज कंपनीचे मूल्यांकन २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर होते. जुलै २०२४ मध्ये सुमारे १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

ईसॉपचे पहिले शेअर कायद्यानेच वर्ष पूर्ण होण्याआधी तुझ्या हाती येत नाहीत. ते घेताना त्या दिवशीचे मूल्य आणि तू भरलेली किंमत यांतील फरक पगार समजून त्यावर कर लागतो, मग शेअर विकता येत असोत वा नसोत. हा कर पुढे ढकलण्याची सवलत फक्त ठरावीक सरकारी प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपमध्येच मिळते.

तेव्हा मनुष्यबळ विभागाला या गोष्टी ईमेलने विचार आणि उत्तर लेखी घे : कंपनीचे एकूण शेअर किती आणि त्यांत माझे किती, ते घेण्याची किंमत काय, नोकरी सोडल्यावर घ्यायला किती दिवस मिळतात, ते प्रमाणपत्र आहे का, आणि आजवर एकदा तरी कर्मचाऱ्यांचे शेअर कंपनीने परत विकत घेतले आहेत का. आठ लाख हा आकडा शून्य धरून सहा लाखांत पुण्याचे भाडे आणि घरी पाठवायची रक्कम बसते का, तेही मांडून पाहा. बसत असेल आणि काम खरोखर शिकवणारे असेल, तर स्टार्टअप घ्यायला माझी हरकत नाही.