चाळिशीनंतर गाणे शिकताना आधी पट्टी विचारा

गाणे शिकायला शिक्षक कसा निवडावा, असे आपण पत्रात विचारले आहे. आपले वय ४३, राहणे भांडुपला, गाणे कधीच शिकलेले नाही. घराजवळच्या क्लासने आपल्याला मुलांच्या तुकडीत बसायला सांगितले असून वर्षाची फी एकदम भरल्यास सवलत देऊ केली आहे. हे वाचून मला नऊ वर्षांपूर्वीची माझीच गोष्ट कोणीतरी सांगत आहे असे वाटले. मी गायक नाही आणि शिक्षकही नाही. नोकरी सांभाळून शिकणारा एक विद्यार्थी आहे, त्यामुळे पुढील मजकूर एका माणसाचा अनुभव म्हणूनच वाचावा.

माझ्या तुकडीत चौदा जण होते. अकरा शाळकरी मुले, दोन गृहिणी आणि कोपऱ्यात मांडी घालून बसणारा मी. पेटी कायम पांढरी पाचवर असे, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा सूर सा धरून सगळे गात, कारण मुलांना आणि बायकांना ती पट्टी सोयीची. पुरुषाचा षड्ज, म्हणजे सा, साधारणपणे त्याहून खाली, पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास असतो, हे मला ठाऊक नव्हते आणि कोणी सांगितलेही नाही. मधला सा कसाबसा लागे, पंचमाला (प) मान ताठ होई, धैवतावर (ध) गळ्याच्या शिरा फुगत, आणि तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा ला, मी जे करत असे त्याला गाणे म्हणता येणार नाही, ती लोकलमध्ये चढताना मारलेली हाक होती. शेजारची नऊ वर्षांची मुलगी तोच स्वर हसत लावत असल्यामुळे दोष आपल्या वयाचाच आहे, अशी माझी पक्की समजूत झाली. सर म्हणत, "जोर लावा, आवाज मोकळा होईल." मी सात महिने जोर लावला. अखेर एके दिवशी फोनवर आईने "कोण बोलतंय?" असे विचारले, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. स्वरयंत्राला सूज होती. सहा आठवडे गाणे बंद आणि बोलणेही मोजके, असा आदेश मिळाला.

उरलेल्या पाच महिन्यांची फी परत मिळावी, नाहीतर खालच्या पट्टीच्या एखाद्या तुकडीत बसवावे, एवढेच मी क्लासच्या कार्यालयात मागितले. चार हेलपाटे घातले. दोनदा "सरांना विचारून सांगतो", एकदा "पावतीच्या मागे नियम छापला आहे", आणि चौथ्यांदा कळले की मला न विचारता प्रारंभिक परीक्षेचा फॉर्मही भरून टाकला आहे, त्याचे पैसे निराळे. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली तर ती वाचण्याची तसदीही कोणी घेतली नाही. पैसे गेले त्याचे दुःख आता उरलेले नाही, पण आपल्याला गळाच नाही असे समजून मी त्यानंतर दीड वर्ष तंबोऱ्याकडे फिरकलो नाही, त्याची चुटपुट अजून आहे. म्हणून सवलत कितीही असो, महिन्याच्या महिन्याला फी घेणारा शिक्षकच पाहावा.

परीक्षांबद्दल माझे मत थोडे कडवट आहे, हे आधीच मान्य करतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षा मुलांना शिस्त लावतात, आणि पुढे शिकवायचे असेल तर त्यांचा उपयोगही होतो. प्रौढ नवशिक्याने मात्र पहिली दोन वर्षे त्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण स्वर स्थिर होण्याआधीच रागामागून राग आणि बंदिशी पाठ करण्याची घाई सुरू होते. माझा एक सहकारी याच वाटेने जाऊन उत्तम गातो, त्यामुळे हा काही नियम नव्हे.

आता शोधायचे कसे? जाहिरातींपेक्षा मैफलींना जावे. माटुंग्याच्या दादर-माटुंगा कल्चरल सेंटरमध्ये किंवा पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात गायकाच्या मागे तंबोऱ्यावर बसलेली मुले-मुली बहुधा त्यांची शिष्य असतात. कार्यक्रम संपल्यावर त्यांना गाठून "अगदी सुरुवातीला कोणाकडे शिकलात?" असे विचारावे. मोठे गायक नवशिक्याला घेतीलच असे नाही, पण पाया घालणारे शिक्षक याच वाटेने सापडतात. घराण्याचा विचार इतक्यात करू नये. एका घराण्याला भेंडीबाजाराचे नाव आहे याचा मुंबईकर म्हणून अभिमान जरूर बाळगावा, पण सा लागत नाही तोवर सगळी घराणी सारखीच.

पहिल्या भेटीत शिक्षक आपल्याला आधी गायला लावतात की लगेच स्वतःच्या पट्टीत "म्हणा माझ्यामागे" म्हणतात, एवढे पाहिले तरी बरेच कळते. माझ्या आताच्या शिक्षिकेची, ताईंची, पट्टी काळी चार आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसता आकार लावायला, म्हणजे 'आ' म्हणत सूर धरायला, सांगितला आणि पेटीवर एकेक सूर खाली उतरत गेल्या. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) नीट ऐकू यायला हवा आणि तार मध्यमापर्यंत (वरच्या सप्तकातल्या म पर्यंत) ओढाताण न होता जाता यायला हवे, असा त्यांचा हिशेब होता. काळी एकवर त्या थांबल्या. "हे तुमचं घर," म्हणाल्या आणि तंबोरा त्या सुरात लावला. गेली सहा वर्षे त्या स्वतःची पट्टी सोडून माझ्या पट्टीत शिकवत आहेत.

ऑनलाइन शिकवणी चालते, फक्त आवाज उशिरा पोहोचत असल्याने दोघांनी एकत्र गाता येत नाही. शिक्षकांनी गाऊन थांबायचे आणि मग आपण गायचे, एवढे पथ्य पाळावे. घरी रियाझाला पेटीऐवजी तंबोरा घ्यावा, मोबाइलवरचा चालेल. पेटीच्या आवाजात आपला बेसूर आपल्यालाच ऐकू येत नाही. पातळ भिंतींच्या इमारतीत सकाळी खर्ज, म्हणजे खालचे सूर, हळू लावला तर शेजाऱ्यांची तक्रार येत नाही, असा माझा तरी अनुभव आहे. आणि आवाज बसून तीन आठवडे झाले तर शिक्षक काहीही म्हणोत, आधी डॉक्टरांकडे जावे.