रामकुंडाच्या पाण्यातला जिवाणू ग्राम रंजनात कधी जांभळा, कधी गुलाबी का दिसतो? (नाशिक)
ग्राम रंजनात ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणू जांभळे आणि ग्राम-निगेटिव्ह गुलाबी दिसतात. आधी कल्चर (वाढवलेले जिवाणू) शुद्ध आहे का, म्हणजे त्यात एकच प्रकार आहे का, ते पाहा. न्यूट्रिअंट अगारवर (जिवाणू वाढवण्याचं साधं माध्यम) पुन्हा स्ट्रीक करून, म्हणजे रेघा ओढून पसरवून, एकच सुटी कॉलनी (जिवाणूंचा ठिपका) उचला. नदीच्या पाण्याच्या नमुन्यात एका कॉलनीखाली दुसरी सहज लपते. वाढ १८ ते २४ तासांचीच घ्या. जुन्या ग्राम-पॉझिटिव्ह पेशींची भित्ती कमकुवत होऊन रंग निसटतो आणि त्या गुलाबी दिसतात. बॅसिलस या ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणूत हे फार होतं.

स्मिअर (स्लाइडवर पसरलेला जिवाणूंचा थर) पातळ हवा. क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) १ मिनिट, आयोडीन १ मिनिट, मग ९५ टक्के अल्कोहोल १० ते १५ सेकंदच आणि लगेच पाणी, शेवटी सॅफ्रॅनिन (गुलाबी रंग). बहुतेक वेळा घोळ अल्कोहोलपाशीच होतो. त्याच स्लाइडवर शेजारी ई. कोलाय (ग्राम-निगेटिव्ह) आणि स्टॅफिलोकोकस (ग्राम-पॉझिटिव्ह) ठेवा, म्हणजे दोष पद्धतीचा की कल्चरचा ते लगेच कळतं.

तरी शंका उरली तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी घोळा. मिनिटभरात लूपबरोबर (जिवाणू उचलायची कडी) चिकट तार उचलली गेली तर बहुधा ग्राम-निगेटिव्ह. मग ऑक्सिडेज चाचणी करा (हे एन्झाइम असेल तर जांभळा रंग येतो), पण मॅकॉन्की माध्यमावरची कॉलनी नको आणि निक्रोम या मिश्रधातूचा लूपही नको, अशा लूपने खोटा जांभळा रंग येतो. लाकडी काडी वापरा.