वाचक विचारतात : खोगीर-लगाम चढवूनच घोडा गाडीत न्यावा का?

प्रश्न : आमच्या अश्वारोहण क्लबाचे सरावाचे मैदान पागेपासून पाऊण तासाच्या अंतरावर आहे. दर आठवड्याला आम्ही दोन घोड्यांच्या ट्रेलरमधून घोडे तिथे नेतो. वेळ वाचावा म्हणून पागेतच खोगीर कसून आणि लगाम चढवून घोडे आत उभे केले जातात, आणि पोहोचताच स्वार थेट मांड ठोकतात. आमच्याकडचे एक जुने मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) याला ठाम विरोध करतात, तर काही सदस्यांच्या मते एवढ्याशा अंतरासाठी सगळे काढून पुन्हा चढवणे हा निव्वळ सोपस्कार आहे. अलीकडे एक घोडा खोगीर ठेवताना पाठ खाली दबवू लागला आहे, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर : तुम्ही एक प्रश्न विचारला असला तरी त्यात दोन दडलेले आहेत, आणि त्यांची उत्तरे सारखी नाहीत. कडियाळे, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग, तोंडात ठेवून घोडा चालत्या गाडीत उभा करू नये, मग अंतर पाऊण तासाचे असो की दहा मिनिटांचे. खोगिराच्या बाबतीत मी इतका कठोर नाही. काही अटी पाळल्या तर जवळच्या प्रवासात ते चालू शकते. तुमच्या वर्णनावरून मात्र त्या अटी पाळल्या जात आहेत असे दिसत नाही.

आधी लगामाचे पाहू. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये जी मोकळी जागा असते, तिथे जबड्याच्या हाडावर हिरडीचे पातळसे आवरण तेवढे असते. कडियाळे टेकते ते याच जागेवर आणि जिभेवर. स्वाराच्या बोटांतला हलका इशारा पोहोचावा एवढ्यासाठी ही योजना आहे; कुठेतरी अडकलेला पट्टा एका बाजूला आणि घाबरून मागे झेप घेणारे साडेचारशे-पाचशे किलोचे जनावर दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण सोसण्यासाठी ती नाही. ट्रेलरच्या आत अडकण्यासारख्या जागा किती असतात, हे एकदा रिकाम्या ट्रेलरमध्ये उभे राहून मोजा : जाळी टांगायची कडी, छातीपुढच्या आडव्या दांड्याची खीळ, मधल्या फळीची बिजागरी, खिडकीचा खटका. घोडा नाक खाजवायला मान वळवतो आणि कडियाळ्याची कडी यातल्या एखाद्या ठिकाणी सहज गुंतते. लांब दांड्यांचे कडियाळे असेल तर विचारायलाच नको. मी स्वतः असा एक प्रसंग पाहिला आहे. घोडा अतिशय शांत स्वभावाचा होता आणि गाडी उभी होती, तरीही दोन मिनिटांत त्याची जीभ खोलवर चिरली गेली आणि पुढचे कित्येक दिवस त्याला चंदी खाणे कठीण झाले. लगामाच्या पट्ट्यांनी घोडा कडीला बांधणे हा तर याहून मोठा अपराध आहे, आणि आपण तसे करत नसाल असे मी गृहीत धरतो.

लगामाचा दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाही. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, पण ते सौम्य करणारी लाळ मुख्यतः चावतानाच सुटते. म्हणून प्रवासात पुढे टांगलेले वाळले गवत हे पोटासाठीही हिताचे आणि मन रमवण्यासाठीही. तोंडात लोखंड असले की घोडा नीट चावू शकत नाही आणि गवताच्या काड्या कडियाळ्याभोवती गुंडाळून बसतो. त्यातच कडियाळे अडकू नये म्हणून काहीजण डोके आखूड बांधून वर ठेवतात, आणि एक चूक झाकण्यासाठी दुसरी केली जाते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, आणि श्वासनलिकेत साचलेला स्राव बाहेर टाकण्यासाठी त्याला मान खाली घालावी लागते. लांबच्या प्रवासात डोके तासन्‌तास वर बांधून ठेवणे हे फुप्फुसांच्या गंभीर आजाराचे एक ज्ञात कारण आहे. पाऊण तासात हे होणार नाही हे खरे, पण सवय एकदा लागली की ती लांबच्या प्रवासातही सोबत येते.

प्रवासात घोड्याच्या डोक्यावर असायला हवी ती मोरकी, म्हणजे कडियाळे नसलेली, डोक्याभोवती बसणारी पट्ट्यांची जोडणी. युरोपीय संघाच्या २००५ च्या पहिल्या क्रमांकाच्या प्राणी-वाहतूक नियमावलीत, अजून शिकवलेले नाहीत असे घोडे सोडून, आठ महिन्यांहून मोठ्या घोड्यांना वाहतुकीत मोरकी असावी असे सांगितले आहे. मोरकी शक्यतो चामड्याची असावी, कारण अतिताण आला की ती तुटते. नायलॉनची मोरकी तुटत नाही आणि मग घोड्याची मान दुखावते. नायलॉनचीच वापरायची असेल तर कडी आणि दोर यांच्यामध्ये सुतळीचा एक फास ठेवावा, म्हणजे गरज पडली की आधी सुतळी तुटेल.

आता खोगीर. उत्तर अमेरिकेत गुरे राखणारे लोक खोगीर कसलेले घोडे सर्रास मोठ्या, उघड्या जाळीच्या ट्रेलरमधून नेतात, आणि ब्रिटनमध्ये शिकारीच्या स्वारीला निघालेले घोडेही पुष्कळदा खोगिरासह गाडीतून उतरतात. तुमच्या क्लबातल्या सदस्यांनी बहुधा हेच कुठेतरी पाहिले असेल. पण अमेरिकेतल्या त्या मोठ्या ट्रेलरमध्ये घोड्याच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा असते, खोगिराला पुढे-मागे दोन तंग (पोटाखालून आवळायचे पट्टे) आणि छातीपट्टा असतो, घोडे रोजच्या सवयीचे असतात आणि लगाम बहुतेक वेळा डोक्यावर नसून खोगिराच्या पुढच्या शिंगाला लटकवलेला असतो. दोन घोड्यांचा अरुंद ट्रेलर ही अगदी वेगळी गोष्ट आहे.

घोडा गाडीत नुसता उभा नसतो, तो सतत तोल सांभाळत असतो. त्याच्या शरीराचा जवळजवळ साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. ब्रेक लागला, वळण आले की तो पाय फाकवतो, मान उचलतो, कधी मधल्या फळीला किंवा भिंतीला टेकतो. पाठीवर खोगीर असेल तर टेकण्याचा तो सगळा दाब खोगिराच्या कडेवर येतो. खोगिराच्या आतला सांगाडा अशा दाबाने तडकू शकतो, आणि वरचे चामडे शाबूत असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही; लक्षात येते ते घोड्याच्या, स्वार बसल्यावर. खोगीरभरती हा शब्द आपण हल्ली माणसांच्या बाबतीतच वापरतो, पण खऱ्या खोगिरात भरलेली लोकरही घामाने आणि एकाच बाजूच्या दाबाने घट्ट, गाठीगाठीची होते आणि पाठीच्या कण्यालगत टोचू लागते. शिवाय बंद गाडीत उकाडा वाढतो, खोगिराखालचा घाम वाळत नाही, आणि ओल्या केसांवर गादीचे घर्षण चालू राहते. पाठ सोलण्याची सुरुवात इथेच होते.

तंगाचा पेच तर सुटणारा नाही. स्वारीइतका आवळून ठेवला तर घोड्याला तेवढा वेळ विनाकारण छातीवर आवळ सोसावा लागतो. सैल सोडला तर खोगीर बाजूला घसरते. पोटाखाली लोंबणारे खोगीर आणि बंद ट्रेलर यांची गाठ पडली की घोडा जे लाथा झाडतो, त्यात फळ्या फुटतात आणि पायही मोडतात. म्हणून खोगीर ठेवायचेच असेल तर तंग मध्यम आवळावा, खोगीर मागे सरकू नये म्हणून छातीपट्टा लावावा, रिकिबी नुसत्या वर सरकवून न ठेवता त्यांच्या चामडी पट्ट्यांसकट काढून घ्याव्यात, ट्रेलर रुंद असावा, आणि प्रवास अर्ध्या तासाच्या आतला असावा. अर्ध्या तासाची ही मर्यादा कुठल्या पुस्तकातली नाही, माझ्या अनुभवातली आहे.

पण माझा खरा आक्षेप याहून वेगळा आहे. मैदानावर पोहोचल्यावर खरारा करून, पाठीवरून तळहात फिरवून, पाय चाचपून, मग खोगीर ठेवण्यात जी दहा मिनिटे जातात, ती तुमचे सदस्य वाया गेलेली समजतात. प्रवासात घोड्याला काय झाले हे कळण्याची तीच एक वेळ असते. कुठे खरचटले आहे का, एखादा पाय गरम लागतो का, नाल ढिला झाला आहे का, घोडा घामाघूम होऊन थरथरतो आहे का, हे खोगीर कसलेल्या घोड्याच्या बाबतीत कोणी पाहत नाही, कारण तो तयार दिसतो आणि तयार दिसणाऱ्या घोड्यावर माणूस बसतोच.

पाठ दबवणाऱ्या घोड्याला तूर्त स्वारीला घेऊ नका. दोष प्रवासाचा असेल, खोगिराच्या मापाचा असेल किंवा पाठीच्या स्नायूंचा. पशुवैद्याने पाठ तपासल्याशिवाय ते ठरवता येणार नाही. दरम्यान त्याचे खोगीर उलटे करून मांडीवर ठेवा आणि पुढची व मागची बाजू धरून हलके दाबून पाहा. ते मधेच वाकत असेल किंवा कुरकुरत असेल, तर सांगाडा तडकला आहे असे समजून ते वापरातून काढा. परतीच्या प्रवासात तर कोणत्याही घोड्याच्या पाठीवर खोगीर राहता कामा नये; स्वारीनंतरची गरम, ओली पाठ आधी पुसून कोरडी करा आणि घोडा थोडा फिरवून मगच आत घ्या.

प्रश्न : आमचा घोडा मोरकीवर ट्रेलरमध्ये चढतच नाही, लगाम असला की निमूट चढतो. मग काय करावे?

उत्तर : चढवताना लगाम वापरायला माझी हरकत नाही, अवखळ घोडा हाताळताना मोरकीपेक्षा त्याने जास्त ताबा राहतो. मोरकी आधीच घातलेली असावी आणि लगाम तिच्यावरून चढवावा, म्हणजे आत गेल्यावर लगाम तेवढा उतरवता येतो आणि घोडा क्षणभरही मोकळा राहत नाही. मागचा अडसर लागल्यावरच दोर बांधायचा, आणि उतरवताना अडसर काढण्यापूर्वी तो सोडायचा. हा क्रम उलटला तर बांधलेला घोडा मागे रेटतो, आणि मागे काही नाही हे त्याला उशिरा कळते. मोरकीवर चढण्याचा सराव मात्र वेगळा, स्वारी नसलेल्या दिवशी, ट्रेलर उभा करून आणि आत चंदी ठेवून करावा. स्वारीच्या सकाळी घाईत तो शिकत नाही, आणि शिकवणाराही शिकवत नाही.

प्रश्न : खोगिरावरून झूल घातली तर ते सुरक्षित राहते का?

उत्तर : धुळीपासून राहते. घसरण्यापासून नाही, आणि उकाड्यात झूल पाठीवरचा घाम वाढवते. शिवाय झुलीखाली खोगीर कलंडले तरी बाहेरून दिसत नाही.