जुनी ली-एनफिल्ड नं. ४ (टी) स्नायपर रायफल अस्सल आहे की नंतर जुळवलेली, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी क्रमांक जुळवून बघा: अस्सल नगात रायफलचा क्रमांक दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर आणि दुर्बिणीचा क्रमांक लाकडी दस्त्याच्या मानेवर ठोकलेला असतो. दस्त्याच्या खालच्या अंगाला ‘एस ५१’ही शोधा. दुसऱ्या महायुद्धात यातल्या बहुतेक रायफली हॉलंड अँड हॉलंड या ब्रिटिश बंदूक-कंपनीने स्नायपरसाठी तयार केल्या, हा त्यांचाच संकेतांक. बॉडीच्या (रायफलच्या धातूच्या मुख्य भागाच्या) डाव्या बाजूच्या नुसत्या ‘टी’वर विसंबू नका, तो कुणीही ठोकू शकतो. मात्र दुर्बिणीचा क्रमांक वेगळा निघाला म्हणून लगेच खोटी ठरवू नका. सैन्यात असतानाच दुर्बिणी बदलल्या जात. आणि दुरुस्तीच्या उत्साहात लाकडाला पॉलिशपेपर तर मुळीच नको, निम्मा पुरावा तिथेच घासला जातो. जवसाचं तेल पुरतं.